भूमितीचा पेपर

स्नेहमेळाव्याचा मेसेज आला तेव्हापासून अफसानाबाईंचं जेवण कमी झालं होतं. दिवाळीच्या सुट्टीत, वडवणीला, १९८८ ची दहावीची बॅच. ग्रुप बद्रीनाथनं काढलेला. त्याचं वडवणीत मेडिकल होतं आणि कोण कुठे आहे हे सगळ्यांत आधी त्यालाच कळायचं. रोज एकदोन नवे नंबर जोडले जात होते. एका सकाळी त्यात अंगदचा नंबर आला. अफसानाबाईंनी मोबाइल पालथा ठेवला आणि चहा न पिताच शाळेत गेल्या.

त्या बीडजवळच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. नोकरी तेहतीस वर्षं झाली होती. त्या तेहतीस वर्षांत त्यांनी एकाही पोराची कॉपी पकडली नव्हती. परीक्षेवर नेमणूक झाली की त्या वर्गाच्या दारात उभ्या राहून बाहेर बघत. बरोबरचे शिक्षक म्हणत, मॅडमचं काळीज लई मऊ आहे.

"जाऊ नको मग," नवरा मुस्तकीम म्हणाला. तो फ्रिज दुरुस्त करायचा. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी एकदा त्यांनी त्याला सगळं सांगितलं होतं. "सदतीस वर्षं झाली. कोण विचारतंय?"

"कुणीच विचारत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणूनच तर."

घडलं होतं ते एवढंच. अफसाना वर्गात हुशार, पण भूमितीची प्रमेयं डोक्यात राहायची नाहीत. अब्बांनी सांगून ठेवलेलं, एकदा नापास झाली की शाळा बंद, परभणीचं स्थळ तयार आहे. अम्मी आमिनाबी काही बोलायची नाही, नुसती पोरीच्या तोंडाकडे बघायची. भूमितीच्या पेपरला अफसानानं दोन प्रमेयं चिठ्ठीवर लिहून नेली. अर्धा तास झाला नसेल तोच भरारी पथक आलं. तिनं चिठ्ठीची गोळी करून बाकाखाली टाकली आणि पायानं ढकलली. ती पुढच्या बाकावरच्या अंगदच्या चपलेपाशी जाऊन थांबली.

साहेबांनी अंगदला उठवलं. तो म्हणाला, "माझी न्हाई सर." दोनदा म्हणाला. अफसाना खाली मान घालून लिहीत राहिली. काय लिहिलं ते तिला नंतर कधीच आठवलं नाही.

तिला एकाहत्तर टक्के पडले. पुढे बारावी, डी.एड., नोकरी. तिच्या पगारावर दोन भाऊ शिकले, अम्मीचं ऑपरेशन झालं, बीडमध्ये दोन खोल्यांचं घर झालं. अंगद त्या वर्षी बाद झाला आणि पुन्हा परीक्षेला बसला नाही. परळीला गेला, एवढंच कुणाकडून तरी कानावर आलं होतं.

मेळाव्याला अफसानाबाई गेल्याच. न जाण्याचीही भीती वाटत होती.

मंगल कार्यालयात साठेक माणसं होती. एकेकानं उठून आपलं नाव आणि काय करतो ते सांगायचं होतं. कुणी तलाठी, कुणी एसटीत वाहक, मोहिनीचं ब्युटीपार्लर, वनमाला अंगणवाडीत. मागच्या रांगेत एक उंच, वाळलेला माणूस उठला. उजव्या हातावर भाजल्याचे बारीक डाग.

"अंगद. दहावी नापास. परळीला ठेकेदाराकडं वेल्डर होतो, आता स्वतःचं दुकान हाय."

"नापास न्हाई बे," बद्रीनाथ माइकवरून म्हणाला, "आमच्या बॅचचा कॉपीबहाद्दर." सगळे हसले. अंगदही हसला आणि खाली बसला.

मग गुणवंत शिक्षिका म्हणून अफसानाबाईंचं नाव पुकारलं. शाल अंगावर पडली. फोटो काढताना कुणीतरी म्हणालं, मॅडम, हसा.

जेवणाच्या मांडवात अंगद एका कडेला ताट घेऊन उभा होता. त्या त्याच्यापाशी गेल्या. इतक्या वर्षांत काय काय शब्द जुळवले होते, त्यातला एकही जागेवर सापडला नाही.

"अंगदभाऊ, ती चिठ्ठी माझी होती."

"कोणती?"

"भूमितीच्या पेपरची. मी पायानं पुढं ढकलली."

अंगदनं हातातली पुरी ताटात ठेवली. बाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

"मी सांगत होतो, माझी न्हाई म्हणून," तो शेवटी म्हणाला. "सरांनी ऐकलं न्हाई. बानं ऐकलं न्हाई. दोनचार वर्षांनी मलाच वाटाया लागलं, आसंल माझीच. आपणच केलं आसंल आन् विसरलो आसू." त्यानं ताट टेबलावर ठेवलं. "आईला सांगा."

"काय?"

"हेच. बा तर गेला. आई हाय, पालीला, धाकट्याकडं. आजच चला."

त्याच्या पिकअपमध्ये त्या बसल्या. वडवणी ते बीड, बीडहून पाली. बाईंनी मुस्तकीमला मेसेज केला, "उशीर होईल." त्याचं लगेच उत्तर आलं, "काय झालं?" त्यांनी मोबाइल पर्समध्ये टाकला. म्हातारी शिव्या देईल, गोळा झालेले लोक ऐकतील, कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढेल, उद्या तो शाळेत येईल. धरणाचं पाणी उजवीकडे दिसलं तेव्हा एकदा त्यांना वाटलं, म्हणावं, गाडी थांबवा, मला उतरायचंय.

अंगदची आई छबुबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. ऐंशी पार केलेल्या, पण नजर शाबूत.

"आये, ह्या अफसाना मॅडम. माझ्या वर्गात होत्या," अंगद म्हणाला आणि खांबाला टेकून उभा राहिला.

अफसानाबाईंनी सगळं सांगितलं. परभणीच्या स्थळाचं सांगायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. ते इथे सांगण्यासारखं नव्हतं. म्हातारीचे हात शेंगांवर तसेच राहिले.

"तुझं वय काय होतं तवा?"

"सोळा."

"ह्याचंबी सोळाच होतं."

बाईंनी मान खाली घातली.

"बापानं दोन महिनं घरात घेतला न्हाई ह्याला," छबुबाई म्हणाल्या. "गोठ्यात निजायचा. मी पदराखाली भाकर न्यायचे. मग एक दिवस गेला परळीला, सांगितलंबी न्हाई." त्या अंगदकडे वळल्या. "तू म्हणला होतास मला, माझी न्हाई म्हणून. मी मानलं होतं."

"मग बाला कावून सांगितलं न्हाईस?"

"भ्या वाटायचं त्याचं."

अंगद खांबापासून हलला आणि अंगणात जाऊन पाठमोरा उभा राहिला. आत सुनेनं चहा टाकला होता. कपबश्यांचा आवाज येत होता. छबुबाईंनी सुपातल्या शेंगा बाईंच्या पुढ्यात सरकवल्या नाहीत, बस असंही म्हटलं नाही. चहा आला तेव्हा मात्र म्हणाल्या, "घे. लांबून आलीस."

अंगदनं त्यांना बीडच्या स्टँडपर्यंत सोडलं. उतरताना त्यांनी विचारलं, "तुम्ही मला माफ..."

"मला न्हाई माहीत," तो म्हणाला. "आज तरी न्हाई माहीत."

घरी आल्यावर त्यांनी बॅचच्या ग्रुपवर लिहिलं: भूमितीच्या पेपरला सापडलेली चिठ्ठी अंगदची नव्हती, माझी होती. पाठवायच्या आधी मुस्तकीमला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "तुला झेपेल का?"

"नाही माहीत," त्या म्हणाल्या, आणि बटण दाबलं.

तासाभरानं बद्रीनाथचा फोन आला. "मॅडम, डिलीट करा. नोकरीची चार वर्षं राहिली तुमची. उगं कुणी वर पाठवलं तर?"

"पाठवू द्या."

"आन् मी माइकवर काय बोललो ते ऐकलं ना तुमी? मला कुठं माहीत होतं."

"ते तुम्ही अंगदभाऊंना सांगा," त्या म्हणाल्या.

शाळा उघडली. पहिला आठवडा केंद्रप्रमुखांचा फोन वाजला की बाई आधी ऑफिसचं दार लावायच्या. फोन असायचा तो पोषण आहाराच्या माहितीसाठी. शनिवारी दुपारी अंगदचा आला.

"ते ग्रुपवरचं काढू नका," तो म्हणाला. "पोराला दाखवलं. तो बापाला कॉपीवाला म्हणून चिडवायचा."

"काही म्हणाला का?"

"काय न्हाई. दोनदा वाचलं त्यानं." मागे कुठेतरी कटर चालू झाला. "ठेवतो. गिऱ्हाईक हाय."

बाईंनी मोबाइल टेबलावर ठेवला. समोर सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. त्यांनी लाल पेन उघडलं.