शनिवारचा फोन

मनासेकाका बुधवारी कधीच बाटल्या लावत नसत. कारखान्यांच्या सांडपाण्याचा नमुना जंतूंसकट बाटलीत बंद करायचा, तीन दिवस ठेवायचा आणि घाण खाताना जंतूंनी किती प्राणवायू संपवला ते मोजायचं. बुधवारची बाटली नेमकी शनिवारी, शब्बाथच्या म्हणजे ज्यूंच्या विसाव्याच्या दिवशी उघडावी लागते. आजोबांचा तेलाचा घाणासुद्धा शनिवारी कधी फिरला नाही, तिथे नातू कसला बाटलीला हात लावतो! पण या खेपेला, हे पाणी शुद्ध करून खाडीत सोडणाऱ्या प्लांटचे मॅनेजर चारुदत्त अडून बसले. टाक्या काठोकाठ भरल्या होत्या, आणि तपासणीशिवाय पाणी सोडता येत नव्हतं.

"वाचायला किशोरी आहे की," ते म्हणाले.

शनिवारी दुपारी प्रयोगशाळेत काकांच्या हाताखाली काम करणारी किशोरी स्कूटरवरून थेट करंजाड्याला, काकांच्या घरी आली. चेहरा नुसता फुललेला.

"काका, पास! प्राणवायू खर्चच नाय झाला. एवढं स्वच्छ पाणी मी कधी बघितलं नव्हतं. साहेब आता ओहोटीला गेट उघडतायत."

काकांना ते पटेना. आपल्या कारखान्यांचं पाणी, आणि एवढं स्वच्छ?

"साधं पाणी घालून जास्त पातळ केलेल्या बाटलीत काय निघालं?"

"तिच्यात उलट जास्त खर्च झाला. म्हटलं, माझंच काहीतरी चुकलं."

"तुझं नाही चुकलं. त्या बाटलीत थोडे जंतू जगले, म्हणून जेवले. बाकीच्यांत मेले. मेलेला काय जेवणार? पाण्यात विष आहे, पोरी."

 त्याच खाडीत किशोरीच्या बाबांची जाळी लागलेली होती. तिने घाईघाईने चारुदत्तना फोन लावला. "तुझ्या शंकेपायी टाक्या उतू जाऊ देऊ?" म्हणून त्यांनी तो कापला.

काकांना स्वतःचाच राग आला. इतकी वर्षं सगळे निकाल आपण वाचले. पोरीला आकडा काढायला शिकवला, त्याच्यावर संशय घ्यायला नाही.

रूबीने, त्यांच्या बायकोने, शब्बाथ लागला तसा शुक्रवारी संध्याकाळपासून कपाटात बंद असलेला फोन काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"जीव वाचवायचा तर शब्बाथ आड येत नाही," ती म्हणाली. "माशांचा जीव त्यात धरतात की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा."

जन्मात पहिल्यांदाच शनिवारी काकांनी फोन उचलला. 

"चारुदत्त, गेट उघडू नका."



"काका... आज शनिवार ना?"

"हो."

"आणि तुम्ही फोन केलात?"

"केला."

"थांबवतो," चारुदत्त म्हणाले. "कारखान्यांनाही पाणी रोखायला सांगतो."