माझा पारा खोटे बोलला

दंडाला पट्टा बांधून डॉक्टर रबरी फुग्याने हवा भरतात, तेव्हा काचेच्या नळीत सरसर वर चढणारा पारा तुम्ही पाहिला आहे का, मित्रांनो? मी तशीच एक जुनी पेटी आहे, रक्तदाब मोजणारी. लालबागच्या चाळीत मला सगळे 'प्रेशरची पेटी' म्हणत.

माझी उमेदीची वर्षे एका कापडगिरणीच्या दवाखान्यात गेली. डोक्याला कापसाची पिंज चिकटलेले कामगार बाकावर येऊन बसत आणि दत्तू कंपाउंडर त्यांच्या दंडाला माझा पट्टा बांधत. गिरणीचे डॉक्टर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मला दत्तूंच्या हवाली केले. "माझ्यापेक्षा तुमच्याच हाताला हिची सवय आहे," ते म्हणाले. त्या दिवशी मी दत्तूंच्या काखेतून मोठ्या दिमाखात चाळीत आले.

पुढे संप झाला. गिरणीबरोबर दवाखान्यालाही कुलूप लागले. दत्तूंना हिंदमाता टॉकीजजवळच्या औषधांच्या दुकानात काम मिळाले. तिथे त्यांना कोणी ओळखत नव्हते. पण संध्याकाळी चाळीत ते मला उघडून बसले, की लोक त्यांना 'डॉक्टरसाहेब' म्हणत. संपाला दीड वर्ष होत आले होते. कोणाचे डोके दुखे, कोणाची झोप उडालेली. मला उसंत नसे.

दत्तूंची एकुलती एक मुलगी मालन. आई ती लहान असतानाच गेली. प्रेशर कसे घ्यायचे ते दत्तूंनीच तिला शिकवले. वडील घरी नसले की लोक तिच्यापुढे हात करत. बारावीला तिला उत्तम गुण मिळाले आणि दत्तूंनी वैद्यकीय कॉलेजचा फॉर्म आणला. शुक्रवारी पाचच्या आत तो द्यायचा होता. मालनने त्यावर आपले नाव लिहिले आणि पेन खाली ठेवले.

"अप्पा, तिकडे सगळं इंग्रजीत असतं. आणि माझ्या हातून काही चुकलं तर? गणित चुकलं तर खोडता येतं."

"आजवर कधी चुकलीस?" दत्तू हसून म्हणाले.

पण मित्रांनो, त्याच आठवड्यात एक गोष्ट घडली होती, जी मालनला ठाऊक नव्हती. जिन्यावरून उतरताना मी दत्तूंच्या हातून निसटले. झाकण उघडले आणि माझ्या पोटातला पारा पायऱ्यांवर मोत्यांसारखा सांडला. मुले धावली. "हात लावू नका रे, विष आहे ते!" दत्तू ओरडले. मिळाले तेवढे थेंब त्यांनी पोस्टकार्डाने गोळा करून परत आत घातले. बाकीचे लाकडाच्या फटींत गेले. "प्रिन्सेस स्ट्रीटच्या दुरुस्तीवाल्याकडे नेऊन नीट करून आणायला हवी," असे ते पुटपुटले आणि मला फळीवर ठेवून दिले. कोणाला काही सांगितले नाही.

तेव्हापासून माझा पारा शून्याच्या खाली राहू लागला. मी प्रत्येकाचे प्रेशर वीस आकड्यांनी कमी दाखवू लागले. मला ते कळत होते. पण मला वाचा नाही.

मंगळवारी संध्याकाळी शेजारचे कुशाबा आले. गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवणारा धिप्पाड माणूस, पण त्या दिवशी डोके धरून बसला. दत्तू दुकानात होते. मालनने पट्टा बांधला, फुगा दाबला. हवा सोडताना कानातल्या नळीत पहिला ठोका आला, तेव्हा माझा पारा दीडशेवर होता. कोणाचेही प्रेशर एकशे साठच्या वर गेले तर तडक इस्पितळात पाठवायचे, असे दत्तूंनी तिला बजावले होते.

"थोडं जास्त आहे, काका. मीठ कमी करा, पडून राहा. उद्या परत बघू."

कुशाबा गेले. एकशे सत्तर, एकशे सत्तर, असे मी मनातल्या मनात ओरडत होते!

बुधवारी सकाळी नळावर कुशाबांच्या हातातली बादली पडली. तोंड वाकडे झाले, उजवा हात लुळा पडला. चाळीतल्या माणसांनी त्यांना उचलून परळच्या इस्पितळात नेले. गॅलरीत कोणीतरी म्हणाले, "काल तर मालनने तपासलं होतं ना?" त्या एका प्रश्नानेच मालन कोसळली.

गुरुवारी तिने फॉर्मची घडी घालून ती ट्रंकेच्या तळाशी ठेवली. "मी हे भरणार नाही, अप्पा. एका माणसाचं मी असं केलं. डॉक्टर झाले तर किती जणांचं करीन?"

दत्तूंनी ताट बाजूला सारले. ताटातला भात तसाच राहिला.

शुक्रवारी ते कामावर गेले नाहीत. दुपारी दोनच्या सुमारास त्यांनी मला खाली काढले आणि मालनपुढे उघडून ठेवले.

"शून्यावर बघ, मालन. पारा कुठे आहे?"

ती वाकली. "दिसतच नाहीये."

मग दत्तूंनी जिन्यावरची सगळी हकिकत सांगितली.

"तीन दिवस, अप्पा! तीन दिवस मी मरत होते आणि तुम्ही बघत होतात?"

"गिरणी गेली, दवाखाना गेला," दत्तू खाली मान घालून म्हणाले. "लोक अजून साहेब म्हणतात गं. ही पेटीसुद्धा मोडकी आहे, हे कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

मला वाटले, आता मालनच्या मनावरचे ओझे उतरेल. तसे झाले नाही. "शून्य मीही बघितलं नाही," ती म्हणाली. तिने मला उचलले आणि थेट शेजारच्या खोलीत गेली.

कुशाबांची बायको गंगुबाई इस्पितळात न्यायला डब्यात पेज भरत होती. मालनने मला तिच्यापुढे ठेवले आणि काही न लपवता सगळे सांगितले. शेवटी म्हणाली, "मी डॉक्टरकीचा फॉर्म भरणार नाही, काकी."

गंगुबाईने डब्याचे झाकण दाणकन बसवले.

"वा गो! माझ्या घोवाचो हात गेलो. आता तू भिऊन घराक बसलंस तर तो फुकटच गेलो म्हणायचो! माफ मी कोणाक करूक नाय. बापाशीक नाय, तुकाय नाय. पण शिकान घे. माझ्या दारात रडत बसा नको."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून गेले होते. मालन मला काखेत मारून घरी धावली, ट्रंकेतून फॉर्म काढला, जमिनीवर बसून भराभर भरला आणि पळत सुटली. मी तिच्या काखेतच राहिले, हे तिच्या ध्यानातही आले नाही. कॉलेजच्या खिडकीशी पोहोचलो तेव्हा कारकून दप्तर आवरत होता.

"हा डबा कसला? आणि पालकांची सही कुठाय?"

सही नव्हती. पाचला सात मिनिटे कमी होती. "बघ, जमायचं नाहीच तुला," असे ती स्वतःशीच पुटपुटली. पण ती खिडकीपासून हलली नाही.

तेवढ्यात फाटकातून दत्तू धापा टाकत आले. ती पळाल्यावर सही राहिल्याचे त्यांच्या ध्यानात आले आणि ते तिच्या मागोमाग धावत सुटले होते. मालनने त्यांच्याकडे पाहिले नाही, फक्त पेन पुढे केले. त्यांनी सही केली. कारकुनाने फॉर्म घेतला आणि खिडकी बंद झाली.

मालनला प्रवेश मिळाला. पहिल्या वर्षी कॉलेज सोडायचे म्हणून दोनदा तिने गाशा गुंडाळला आणि दोन्ही वेळा परत उलगडला. गंगुबाई गणपतीपर्यंत बापलेकीशी बोलली नाही. कुशाबांचे तोंड सरळ झाले, हात मात्र पुरता सुधारला नाही. दत्तूंनी मला दुरुस्त करून आणले आणि आल्यावर गॅलरीत उभे राहून आपली चूक सगळ्या चाळीला सांगितली. त्यानंतरही काही लोक त्यांना साहेब म्हणत राहिले, काही नाही.

आज मालन डॉक्टर आहे. नवी यंत्रे आली, तशी माझी रवानगी कपाटावर झाली. कधी कोणी पुसते, कधी महिनोन्‌महिने धूळ साचते. त्याचे मला वाईट वाटते, पण फारसे नाही.

एवढेच मागणे आहे, मित्रांनो. हातून एखादी वस्तू पडली, तर त्याच दिवशी सांगा. लाजेने झाकलेली मोडतोड दुसऱ्याच्या अंगावर फुटते. आणि 'आपल्याला जमेल का' अशी भीती वाटली, तर तिला हाकलू नका. मालनला अजूनही ती वाटते. परवाच एका म्हाताऱ्याचे प्रेशर घेऊन झाल्यावर ती म्हणाली, "थांबा आजोबा, खात्री वाटत नाही. परत एकदा घेते."