शालनचं घंगाळ

हेमंतातली केशरी, कोवळी सकाळ गोदेच्या पाण्यावरून उठली, तांबट आळीच्या कौलांवरून घरंगळली आणि त्रिंबकअप्पांच्या कारखान्यात झरोक्यातून उतरली. लाकडी साच्याला टेकवून तांब्याची चकती घट्ट बसवलेली होती. गोल, सपाट, निःशब्द. उन्हाचं बोट लागलं आणि ती लाजल्यासारखी आरक्त झाली.

आळीची रीत जुनी. लेक सासरी निघाली की बापाच्या हातचं एक घंगाळ तिच्याबरोबर जायचं. आळीबाहेरच्या, परक्यांच्या लेकींसाठीही अप्पांनी किती घंगाळं घडवली! आता त्यांच्याच लेकीचं, शालनचं लग्न दाराशी आलं होतं, आणि अर्धांगाच्या झटक्याने अप्पांच्या उजव्या हातातलं बळ ओसरून गेलं होतं. हात होता, हाताला जाण होती. बळ तेवढं नव्हतं.

यंत्र सुरू झालं, साच्यासकट चकती गरगरू लागली. अप्पांनी लांब दांडा बगलेत धरला, त्याचं गुळगुळीत पोलादी टोक फिरत्या तांब्याला टेकवलं, अंगाचा भार टाकला. तांबं बधलं नाही. पुन्हा टाकला. बधलं नाही.

दारातून यमुनाबाई पाहत होत्या. जन्मभर त्यांनी भांडी उजळली. पण यंत्रापाशी आळीतली बाई कधी उभी राहिली नव्हती. त्यांनी पदर खोचला, नवऱ्याच्या पाठीशी आल्या आणि त्यांच्या हातावर हात ठेवून दांडा धरला.

"अगं, हळू! भाकरी थापतेयस का?"

"वाकडी झाली तरी खाता की मुकाट्यानं."

"भाकरी रोज नवी होते. हा पत्रा एकच आहे, बाई."

दोन देहांचा एक भार झाला. तांबं वळलं, साच्यावर झुकलं, संथ, सलज्ज, साच्याला बिलगत गेलं. आणि मग यमुनाबाईंच्या उतावीळ हाताने काठाजवळ एक सुरकुती उमटली.

अप्पा कासावीस झाले. "पुन्हा दाबू. आत्ताच. हातात जोर आहे तोवर."

"थांबा. किरकिरतंय ते, ऐका. दाबून दाबून तांबं थकतं, मग जोर केला की फाटतं. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

"अप्पा, सासरी मी चाललेय," भट्टीपाशी बसलेली शालन म्हणाली, "घंगाळाला कसली घाई?"

अप्पा हसले. दांडा खाली आला.

भट्टीत तांबं तापलं, गुलाबी झालं, लालबुंद झालं. पाण्यात चुरचुरलं. शालनने चिंचेच्या पाण्याने त्याची काजळी उतरवली. ते पुन्हा मऊ झालं होतं. पुन्हा साच्यावर चढलं आणि पहिल्यासारखं ऐकू लागलं. हातावर हात, श्वासावर श्वास. आणि काठाकडे सरकत सरकत सुरकुती विरली. विरता विरता एक पुसट लाट मागे ठेवून गेली.

यंत्र थांबलं. अप्पा त्या लाटेकडे पाहत राहिले.

"बापाच्या हातचं नाही झालं, पोरी."

"आळीतल्या पोरी बापाच्या हातचं नेतात," शालन म्हणाली. "मी दोघांच्या हातचं नेणार. लाट काढायची नाही हं, अप्पा."

यमुनाबाईंनी साच्यावरून घंगाळ उतरवून उन्हात धरलं. अप्पांनी आपला दुबळा हात आत घातला, त्या ओल्या, ताम्रवर्णी पोकळीला लेकीच्या गालासारखं कुरवाळलं. आणि त्या तळहातामागोमाग सकाळचं ऊन आत उतरलं. हळू, अगदी हळू, आणि तळाशी जाऊन निजलं.