सुतारशाळेतले नऊ फोन

शस्त्रक्रिया अर्ध्यावर आली आणि पडद्यावरून सूचना देणारा गोरोका शहरातला डॉक्टर तोंड उघडं ठेवून तसाच थिजला. सिस्टर डोरोथिया अशा काही ओरडल्या, की अंगणात रताळी भाजणाऱ्या बायकाही दचकल्या.

"पितू! अरे कुठे मेलास? माझे दोन्ही हात माणसाच्या पोटात आहेत आणि तुझा डॉक्टर पुतळा होऊन बसलाय!"

पितू धावत आला. त्याने जोडणी तोडून पुन्हा लावली, तसा डॉक्टर हलला, बोलला, आणि पोटातलं बाणाचं टोक एकदाचं निघालं. पण हातमोजे ओरबाडून काढताना सिस्टरांनी त्याला बजावलं, "कोण एवढं इंटरनेट गिळतंय ते आजच्या आज शोध. नाहीतर पुढचा मुडदा तुझ्या नावावर."

खोऱ्यात यांबारिन आणि कायाप या दोन कुळांची लढाई पेटली होती. नदीवरचा पूल तोडलेला, त्यामुळे ना डॉक्टर येऊ शकत होता, ना पोलीस. मिशनच्या त्या दवाखान्याला बाहेरच्या जगाशी जोडून ठेवलं होतं ते छपरावरच्या उपग्रहाच्या थाळीने, आणि ती थाळी सांभाळायचा पितू. तो यांबारिन कुळाचा, त्याची बायको आंजुक कायापांची. तिला माहेरी जाता येत नव्हतं आणि सासरी ती जिवंत राहिली नसती, म्हणून दोघं दवाखान्याच्या आवारातच एका खोलीत दिवस काढत होती. वॉर्डातले जखमी मात्र सगळे यांबारिन.

पितूने नेटवर्कच्या मुख्य स्विचमधून जे जे येतं-जातं त्याची एक प्रत आपल्या संगणकाकडे वळवली आणि रहदारी मोजणारा प्रोग्रॅम चालू केला. आवारातल्या कुठल्या वायफायच्या डब्यावर कोण किती ओढतंय, ते रेघांनी दिसू लागलं. वॉर्डाची रेघ बारीक, औषधखोलीची त्याहून बारीक. सुतारशाळेची मात्र वर टेकलेली.

सुतारशाळा मागच्या कुंपणाला लागून, कॉफीच्या झाडांत होती. कायाप सुतार पळून गेल्यापासून तिला कुलूप होतं.

पितूने ती रेघ उघडली. नऊ फोन, आणि सगळे रग्बीचे व्हिडिओ बघतायत. त्यांची नावं खालोखाल लागली होती. बहुतेक नुसती कंपनीची. एक मात्र माणसाचं: 'पकाव-सुतार'.

पकाव म्हणजे आंजुकचा धाकटा भाऊ. लढाईआधी तो इथेच खाटा बनवायचा, पासवर्ड त्याच्या फोनात तसाच राहिला होता. बाकीच्यांना त्यानेच दिला असणार. लपून बसून कंटाळलेली पोरं रग्बी बघत होती, आणि बसली होती ती वॉर्डापासून हाकेच्या अंतरावर. कशासाठी, हे पितूला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्याने सिस्टरांना बाजूला घेऊन सांगितलं. त्या सिंबू प्रांतातल्या, दोन्ही कुळांना परक्या.

"तोड जोडणी!" त्या म्हणाल्या.

"तोडली तर त्यांना कळेल आपण पाहिलंय ते. उलट सगळा वेग तिकडेच सोडतो. रमू देत पोरं. तोवर तुम्ही जखमी हलवा."

सिस्टरांनी धोब्याकडची हातगाडी घेतली, जखमींवर मळक्या चादरी टाकल्या आणि एकेकाला पुढच्या फाटकाने मिशनच्या देवळात पोचवायला सुरुवात केली. गाडी ढकलायला आंजुक होती. तिला त्यांनी काही सांगितलं नव्हतं.

निम्मा वॉर्ड रिकामा झाला असेल, तेवढ्यात तोमाइत आला. पितूचा चुलत भाऊ, यांबारिन लढवय्यांचा म्होरक्या. धाकट्या भावाला बघायला आला, तर खाट रिकामी. गावठी बंदूक घेऊन तो थेट पितूच्या खोलीत घुसला.

"माझा भाऊ कुठंय?"

"देवळात नेलाय, दादा. बरा आहे."

"देवळात कशाला? मेलाय का तो?" बोलता बोलता त्याची नजर पडद्यावर गेली. रेघा त्याला कळत नव्हत्या, पण अक्षरं कळत होती. "पकाव? हा तुझा मेहुणा ना रे?"

पितूने पडदा बंद करायला हात नेला. तोमाइतने त्याच हाताला धरून त्याला भिंतीवर आपटलं आणि नळी गळ्यात रुतवली.

"कुठंय तो?"

पितूच्या तोंडून शब्द निसटला. "सुतारशाळेत."

तोमाइत हसला. "कोंबड्या आपल्या पायानं खुराड्यात आल्या म्हणायच्या. बाहेरून दार ठोकून घेतो आणि देतो पेटवून." पोरांना आणि पेट्रोल आणायला तो रस्त्याकडे धावला.

दार ठोकलेली ती लाकडी शाळा, आत रंधा मारलेल्या भुशाचे ढीग. पितूने सुतारशाळेच्या डब्याचं इंटरनेट तोडलं आणि त्या जागी स्वतःचं एक पान लावलं. फोन उघडेल त्याच्यासमोर तेवढंच येईल असं. त्यावर लिहिलं, 'पकाव, तुम्हाला पाहिलंय. जाळायला येताहेत. ओढ्याकडून पळा. पितू.'

नऊच्या नऊ फोनांनी ते पान उघडलं. मग एकेक नाव पडद्यावरून जाऊ लागलं. पाच गेली. पितूने कपाळावरचा घाम पुसला.

उरलेली चार गेली नाहीत. ती सुतारशाळेच्या डब्यावरून सुटली आणि वॉर्डाच्या डब्यावर उमटली. त्यात 'पकाव-सुतार' होतं.

पितू धावत सुटला. जाता जाता भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं त्याने उपटलं.

वॉर्डात फक्त म्हातारा यासो उरला होता. त्याचा मोडका पाय वजन बांधून टांगलेला, आणि सिस्टर कात्रीने ती दोरी कापत होत्या. मागचं दार लाथेने उघडलं. चौघं आत आले, चौघांच्या हातात कोयते. पितू मध्ये उभा राहिला.

"दाजी, बाजूला व्हा," पकाव म्हणाला.

"पळ म्हणून लिहिलं ना तुला!"

"पळून घरी काय तोंड दाखवू? माझ्या बापाला डुकरासारखा सोलला तुमच्या माणसांनी."

"ह्या म्हाताऱ्यानं सोलला का?"

"कूळ तेच ना!"

पकाव बोलत राहिला, पण त्याचे सोबती थांबले नाहीत. एक जण खाटेवरून उडी मारून पलीकडे गेला. पितूने नळकांड्याचा खटका दाबला. पांढऱ्या भुकटीत कुणाला काही दिसेना, तरी कोयता यासोच्या मानेवर बसलाच. पहिल्या घावाला म्हातारा "अगं आई" म्हणाला, दुसऱ्याला काहीच नाही. सिस्टरांनी सलाइनचा खांब उचलून मारणाऱ्याच्या डोक्यात घातला, तसा तो वळला आणि त्याने त्यांचा दंड उभा चिरला. पकाव त्यांच्या रोखाने पुढे झाला. मारायला की सोबत्याला आवरायला, ते पितूला पुढेही कधी कळलं नाही. त्याने जड नळकांडं दोन्ही हातांनी फिरवून मेहुण्याच्या तोंडावर हाणलं. दात फरशीवर सांडले आणि पकाव गुडघ्यावर आला.

तेवढ्यात बंदुका वाजल्या. तोमाइतची माणसं दोन्ही दारांतून आत घुसली. दोन कायाप दारातच पडले, तिसऱ्याला ओढत अंगणात नेलं. त्याच्या किंकाळ्या बराच वेळ येत राहिल्या. पितू पकावच्या अंगावर आडवा पडला.

"दादा, नको! आंजुकचा भाऊ आहे!"

तोमाइतने त्याला केसांना धरून बाजूला फेकलं आणि पकावच्या छातीत गोळी घातली. पकावच्या खिशातून फोन घरंगळला. पडदा उजळलेलाच होता. तोमाइतने तो उचलला आणि वाचला. वाचून झाल्यावर पुन्हा वाचला.

"तू कळवलंस?"

पितू भिंतीला धरून उठला.

"ह्याच बोटांनी लिहिलंस ना?" त्याने पितूचे हात खाटेच्या लोखंडी दांडीवर धरायला लावले आणि बंदुकीच्या दस्त्याने एकेक बोट फोडलं. "भाऊबंद आहेस म्हणून बोटांवर सोडतो. दुसरा कुणी असता तर मुंडकं घेतलं असतं."

सगळे निघून गेल्यावर सिस्टरांनी आधी आपला दंड करकचून बांधला आणि मग पितूच्या बोटांना फळ्या लावायला घेतल्या.

"तू लिहिलं नसतंस तर यासो जगला असता," त्या म्हणाल्या.

"ते नऊ जळाले असते, सिस्टर."

"माहितीये. बोलले नुसती. बोट सरळ धर."

आंजुक रिकामी हातगाडी घेऊन परत आली ती दारातच थांबली. तिने भावाकडे पाहिलं, त्याच्या फुटलेल्या जबड्याकडे, मग नवऱ्याच्या हातांकडे.

"त्याला कुणी मारलं?"

"गोळी तोमाइतने घातली," पितू म्हणाला. "तोंड मी फोडलं."

तिने गाडीचा दांडा सोडला आणि पितूच्या थोबाडीत मारली. मारत राहिली, हात दुखेपर्यंत. पितूने मान फिरवली नाही. मग ती खाली बसली आणि भावाच्या काखेत हात घातले. त्याला ओढत गाडीत घेतलं, वर चादर टाकली. फाटकावरची यांबारिन माणसं गाडीच्या आड आली, तशी ती म्हणाली, "सकाळपासून ह्याच गाडीतून तुमचे भाऊ वाहिले मी. आता माझा नेतेय. सरका."

माणसं सरकली.

नदीपर्यंतचा रस्ता खाचखळग्यांचा होता. पितूला दांडा धरता येईना, म्हणून त्याने मागून खांदा लावला. तिने जा म्हटलं नाही आणि वळूनही पाहिलं नाही. मोडक्या पुलापाशी पलीकडून कायाप पाण्यात उतरले. पुढचा पोरगा आधीच नखशिखांत ओला होता, हातापायांवर काट्यांचे ओरखडे; ओढ्याकडून पळालेल्या पाचांतलाच. पितूला पाहून त्याने मान खाली घातली आणि पकावचे पाय उचलले.

आंजुकने चप्पल काढून हातात घेतली.

"येशील ना परत?" पितूने विचारलं.

"त्याला पुरू दे आधी," ती म्हणाली आणि पाण्यात उतरली.

कॉफीचा हंगाम उलटल्यावर मेलेल्यांच्या भरपाईची डुकरं देऊन-घेऊन तह झाला आणि पूल पुन्हा बांधला. त्यानंतर कितीतरी दिवसांनी आंजुक आली. आपली भांडी, घोंगडी घेतली, पितूची वाकडी बोटं हातात घेऊन पाहिली, रात्रीपुरती राहिली आणि सकाळी माहेरी गेली. पुढच्या महिन्यात पुन्हा आली. तसंच चालू राहिलं.