घरची अंडी

आमच्या विद्यापीठात फी नाही. प्रवेश सगळ्यांना, म्हणून लाखो पोरं. वर्गात बसायला जमीन मिळाली तरी नशीब. लिफ्ट मी शाळेत होतो तेव्हापासून बंद आहे. जिन्याच्या भिंतींवर क्रांतीची इतकी पोस्टरं, की खालचा रंग कुणाला आठवत नाही. मधेच कुणी शिक्षण सोडलं तर विचारायला कुत्रंही येत नाही. मी सोडलंय, मला माहीत आहे.

माझी बहीण रोक्साना मात्र चिवट. दिवसभर चपलांच्या दुकानात उभी राहायची आणि संध्याकाळी कायदा शिकायची. डिसेंबरात तिची एकच तोंडी परीक्षा उरली, आणि चाकोहून, दूर उत्तरेतल्या आमच्या गावाकडून, पापा आले. त्यांची फुप्फुसं कामातून गेली होती. फेब्रुवारीतला कार्निव्हल तरी बघतील का, ह्यावर डॉक्टर काही बोलत नव्हते.

शेवटची परीक्षा पास होऊन पोरगी बाहेर आली, की आमच्यात घरचे तिला अंडी आणि पीठ मारतात. पापांनी त्यासाठी घरच्या कोंबड्यांची अंडी आणली होती. रात्रभर बसमध्ये टोपली मांडीवर.

"फ्रीजमध्ये ठेवू का?" मी विचारलं.

"गाढवा, गार अंडं डोक्यात फुटलं तर पोरीला सर्दी होईल."

परीक्षेच्या दिवशी आम्ही विद्यापीठाच्या पायऱ्यांवर उन्हात बसलो. रोक्साना वर गेली तशी लगेच खाली आली. तिचा चेहरा बघून मी विचारलं,

"नापास?"

"कोणी आलंच नाही. प्राध्यापकांचा संप. परीक्षा आता मार्चमध्ये."

माझं डोकं फिरलं. पण ओरडणार कुणावर? त्या बिचाऱ्यांच्या पगारात घरभाडंसुद्धा निघत नाही. संप रास्त होता, हेच जास्त झोंबलं.

रोक्साना पापांपुढे गुडघे टेकून बसली. "पापा, मारा. मला सगळं येतंय. मारा ना."

पापांनी एक अंडं उचललं, बराच वेळ हातात धरलं आणि परत टोपलीत ठेवलं.

"पास झालीस की मारीन. खोटीखोटी वकील करू का तुला?"

"मार्चमध्ये?"

"मार्चमध्ये," पापा म्हणाले आणि खोकत बसले.

संध्याकाळी मी त्या अंड्यांचं बटाटे घालून जाडजूड ऑम्लेट केलं. मीठ कमी पडलं म्हणून पापांनी मला शिव्या घातल्या. रोक्सानाने एक घासही खाल्ला नाही.

कार्निव्हलच्या आधीच पापा गेले.

मार्चमध्ये ती पास झाली. मी पायऱ्यांवर रिकाम्या हातांनी उभा होतो. अंडी विकत घ्यायला दुकानापर्यंत गेलो होतो, पण हात धजला नाही. शेजारी कुणा दुसऱ्याच पोराचे घरचे पीठ उधळत नाचत होते. रोक्साना एकटीच कोरडी उतरताना बघून त्या पोराच्या बापाला वाईट वाटलं असावं.

"अभिनंदन, वकीलबाई!" म्हणत त्याने एक अंडं तिच्या डोक्यावर फोडलं.

तिने हसून त्याचे आभार मानले. मग माझ्याजवळ आली. कपाळावरून बलक ओघळत होता, तो तिने पुसला नाही.

"दुकानातलं आहे रे," ती म्हणाली. "गार लागलं."