सातव्या रॅकवरच्या चिठ्ठ्या

नवे साहेब टेप घेऊन रुग्णालयाच्या रेकॉर्डरूममध्ये शिरले आणि रॅक मोजू लागले, तेव्हाच रेकॉर्डवाल्या बाईंच्या मनात पाल चुकचुकली. जुन्या केसपेपरांचे कापडात बांधलेले गठ्ठे कुठे काय आहेत, हे एकवीस वर्षं फक्त त्यांच्या डोक्यात होतं. मोठमोठे डॉक्टर दारात अदबीने उभे राहायचे, ते काय उगीच?

"तुम्ही आजारी पडलात तर कागद कोण शोधणार?" साहेबांनी विचारलं. "कुठल्या रॅकवर काय आहे, तेवढी यादी करून द्या."

"मी आजारी पडत नाही," बाई म्हणाल्या.

यादी मागतायत आणि डोळा खुर्चीवर! धोबीखान्याच्या मुकादमाने असंच सगळं लिहून दिलं होतं. महिन्याभरात बिचाऱ्याची उचलबांगडी झाली. शिवाय हे साहेब गठ्ठे हुंगायचे, भिंतीवरून बोट फिरवायचे, वहीत काहीतरी टिपायचे. सरळ माणूस गठ्ठे कशाला हुंगेल?

त्यातच थोरल्या बहिणीच्या मुलाचं पुढच्या गुरुवारी ऑपरेशन होतं. लहानपणी भुलीच्या कुठल्याशा औषधाने तो मरता मरता वाचला होता. औषधाचं नाव होतं फक्त त्याच्या तेव्हाच्या केसपेपरवर, सातव्या रॅकवर.

"सोमवारी डॉक्टरांची चिठ्ठी आली की काढते, ताई. चिठ्ठीशिवाय मी स्वतःलासुद्धा कागद देत नाही," बाईंनी ऐटीत सांगितलं.

शुक्रवारी त्यांनी यादी दिली. सुवाच्य अक्षरात आणि धादांत खोटी. रद्दी होती तिथे 'महत्त्वाचे केसपेपर' लिहिलं. सातव्या रॅकपुढे लिहिलं, 'आहाराच्या जुन्या चिठ्ठ्या, निरुपयोगी'. साहेबांनी हात मारायचाच तर रद्दीवर मारावा! शनिवार-रविवार बाई मजेत झोपल्या.

सोमवारी त्या चिठ्ठी घेऊन आल्या, तर सातवा रॅक मोकळा. भिंतीला औषधाचा उग्र वास येत होता.

"वाळवी, बाई," साहेबांनी वही उघडून वाळवीच्या खुणांचा नकाशा दाखवला. "मला पहिल्या दिवशीच वास आला होता. काल माणसं लावून महत्त्वाचं सगळं वरच्या कोरड्या खोलीत हलवलं. सातव्याला वाळवी लागली होती, त्यात तुम्ही निरुपयोगी लिहिलेलं, म्हणून भट्टीत टाकलं."

"उघडून नाही बघितलं?" बाईंनी विचारलं.

"तुमची यादी असताना? तुमच्याइतकं इथे कुणाला कळतं!"

बाई साहेबांच्या चेहऱ्यात लबाडी शोधत राहिल्या. ती असती तर किती बरं झालं असतं.

बाहेर बाकावर ताई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "मिळाला ना गं?"

"ताई, तो कागद मी जाळला."

ताई हसली. "पुरे झाली थट्टा. आण इकडे, डॉक्टर थांबलेत."