एकसंध ओटा

दीपाची उंची बेताचीच. लग्न होऊन माहेरच्या मुरबे गावाहून कुंभवलीत आली तेव्हापासून ती सासूच्या मापाच्या ओट्यावर स्वयंपाक करत होती. तांदळाची भाकरी थापताना तिचे खांदे कानाशी यायचे. तरुणपणी टाचा उचलून भागलं, पण आता टाचा दुखायला लागल्या होत्या. सासू गेल्यावर तिने नवऱ्याला, प्रदीपला, ओटा खाली घ्यायचं विचारलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, "घराचं काम काढू तवा बघू."

काम निघालं ते मुलाचं, सुजीतचं, लग्न ठरल्यावर. प्रदीप तारापूरच्या कारखान्यातून नुकताच निवृत्त झाला होता. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर दोन्ही फोडून नवीन करायचं त्याने ठरवलं. विपुल नावाचा ओळखीतला कंत्राटदार नेमला.

फरशा बघायला बोईसरच्या दुकानात सगळे गेले. होणारी सून तेजलही आली. तिने दीपाला नमुन्याच्या ओट्यापाशी उभं केलं आणि विचारलं, "आई, कणीक मळताना तुमचा हात कुठपर्यंत सहज येतो?"

असं दीपाला आजवर कोणी विचारलं नव्हतं. ती लाजली. मग दोघींनी मिळून ठरवलं, गॅसची बाजू दीपाच्या मापाने खाली घ्यायची, सिंकची बाजू तेजलच्या मापाने वर. न्हाणीघरात खरबरीत फरशी लावायची. आणि ओट्यासमोरची खिडकी ठेवायची. वारा फिरला की कारखान्यांचा वास आत यायचा हे खरं, पण उजेडही तिथूनच यायचा.

"बरं, बरं," प्रदीप म्हणाला. विपुलनेही मान हलवली.

तोडफोड सुरू झाली तशी धुळीने दीपाला खोकला धरला. प्रदीपनेच तिला मुरब्याला भावाकडे पोचवलं. ती परतली तेव्हा सगळं तयार होतं. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत काळा ग्रॅनाईट, कुठे सांधा नाही. पहिल्यापेक्षाही उंच. खिडकी होती तिथे कपाट. न्हाणीघरात गुळगुळीत पांढरी फरशी आणि काचेचं दार.

दीपा ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. कडा बरगड्यांना लागली.

"ह्यो एवढा उंच कसा?"

प्रदीपने सुजीतकडे पाहिलं. सुजीत मोबाइलमध्ये बघत होता.

"तेजलचं म्हननं पडलं," प्रदीप म्हणाला. "तिला उंचच पायजे. आता ती येनार, तिलाच वापरायचा हाय. उगाच सुरुवातीलाच कशाला वाईटपना?"

दुकानात एवढं गोड बोलून पोरीने पाठीमागे हे केलं, हे तिच्या मनात रुतून बसलं.

लग्न झालं, तेजल घरात आली. ती एका कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. संध्याकाळी येऊन पदर खोचायची, "आई, मी करते काही," म्हणायची. दीपा म्हणायची, "नको. तुजा ओटा हाय, सुट्टीच्या दिवशी कर." तेजलला ते बोलणं कळायचं नाही. तिने एकदा सुजीतला विचारलं, तर तो म्हणाला, "आईचा स्वभाव आहे. सवय होईल." हळूहळू तेजलने स्वयंपाकघरात यायचं सोडलं. जेवण झालं की आपलं ताट घासून खोलीत जायची.

दीपा पाटावर उभी राहून रांधायला लागली. एका सकाळी बोंबलाचं कालवण उतरवताना पाट सरकला. पातेलं अंगावर आलं. उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

तेजल अजून कामावर निघाली नव्हती. तिनेच हातावर पाणी ओतलं, रिक्षा बोलावली, दवाखान्यात नेलं. मलमपट्टी होत असताना ती न राहवून म्हणाली, "आपण ठरवलं होतं ना आई, गॅसची बाजू खाली घ्यायची? मग तुम्ही विचार का बदललात?"

"मी?" दीपाने तिच्याकडे पाहिलं. "तूच सांगितलंस ना, उंच पायजे म्हनून?"

"मला सुजीत म्हणाला, आईंना एकसंध हवाय. तुकडे केलेले आवडत नाहीत."



घरी आल्यावर दीपाने पायातली चप्पलही काढली नाही. "माज्याजवळ तिचं नाव पुढं केलंत तुमी. आनी तिच्याजवळ माजं."

प्रदीप सोफ्यावर बसला होता. तो चिडला नाही, लाजलाही नाही. "विपुल बोलला, दोन उंच्या केल्या तर दुकानाच्या काउंटरसारखं दिसतं. उद्या घर विकायचं झालं तर गिऱ्हाईक नाक मुरडतं. सुजीतलापन पटलं, मग सगळा वरच्याच मापाने घेतला. तुला सरळ सांगितलं असतं तर तू ऐकली असतीस? कोनाचं तरी नाव घ्यावंच लागतं."

"मग आता तोडा," तेजल म्हणाली. "गॅसपुरता तोडून खाली घ्या."

"तोडायला काय मातीचा हाय? जोड दिसंल."

"सुजीत?" तेजल नवऱ्याकडे वळली.

"बघू नंतर," सुजीत म्हणाला. "आधी आईचा हात बरा होऊ दे."

हात बरा झाला, कातडी मात्र आखडलेलीच राहिली. ओट्याचं कोणी नाव काढलं नाही. तेजलने पालघरला भाड्याची जागा पाहिली आणि सुजीतला सांगितलं, मी जातेय, तू ये किंवा राहा. तो जायला तयार झाला.

सामान टेम्पोत चढत असताना दीपा तेजलजवळ आली. "माजी चूक झाली गं. राहा ना."

तेजलने तिचा भाजलेला हात हातात घेतला. "तुमच्यावर राग नाही आई. त्यांनी खोटं सांगितलं, ते कळलं. पण ओट्याला हात लावायचीही चोरी करून टाकलीत तुम्ही मला. एकदा तरी मला विचारायचं होतं. दुकानात मी तुम्हाला विचारलं होतं ना?"

दीपाने तिची पिशवी उचलून टेम्पोत ठेवली.

आता दीपा मागच्या पडवीत, जमिनीवर शेगडी मांडून बसून रांधते. पुढचं स्वयंपाकघर झकास आहे. पाहुणे आले की प्रदीप त्यांना आत नेतो, खण ओढून दाखवतो, ग्रॅनाईटवरून हात फिरवतो. मग पडवीकडे तोंड करून हाक मारतो, "दोन कप चहा टाक गं."

"तुमीच टाका," ती तिथूनच सांगते. "ओटा तुमच्याच मापाचा हाय."

पाहुणे हसतात, त्यांना ती थट्टा वाटते. प्रदीपही हसतो. मग पातेलं कुठल्या खणात आहे ते शोधायला लागतो.